ही सदतीस माणसं कोण?

मी मुळात भांडखोर माणूस नाही. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षे काढलेला माणूस भांडखोर राहूच शकत नाही. त्याच्या अंगात जेवढे म्हणून भांडण असते तेवढे रोज दहा ते चार या वेळात गिऱ्हाइके काढून नेतात. संध्याकाळी घरी निघताना खात्यात शिल्लक शून्य. बायकोलासुद्धा माझ्याकडून भांडण मिळत नाही, ही तिची जुनी तक्रार आहे. (तिला ओव्हरड्राफ्टवर भांडावे लागते.) असे असूनही गेल्या वर्षी श्रावणात मी ठाण्यातल्या एका गारेगार कचेरीत, एका पोत्यावर बसून, माझ्या भाच्याच्या वयाच्या एका पोराशी दीड तास भांडलो. आवाज चढवून भांडलो. ते भांडण अजून मिटलेले नाही, म्हणून आता छापून मिटवावे म्हणतो.

भांडण होते वेबसाइटवरून.

आता तुम्ही म्हणाल, कारकुनाला वेबसाइटशी काय करायचे आहे? पहिली गोष्ट, मी आता कारकून राहिलेलो नाही. मार्च २०२४ मध्ये बँकांचा जो द्विपक्षीय करार झाला त्यात आम्हा कारकुनांचे बारसे होऊन आम्ही सगळे ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ झालो. काम तेच, खुर्ची तीच, खुर्चीचा मोडलेला हातदेखील तोच. फक्त नाव इतके लांबले की सही-शिक्का मारताना तो व्हाउचरच्या बाहेर जातो. आणि दुसरी गोष्ट, हे सगळे प्रकरण सुरू झाले ते माझ्याच काउंटरवर.

त्या दिवशी मी सोनेतारणाला बसलो होतो. समोरून एक अर्ज आला. अर्जात ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना असतो. आजवर त्या रकान्यात मी मुलीचे लग्न वाचले, आजारपण वाचले, शेती, घरदुरुस्ती, कॉलेजची फी, एकदा तर ‘कारण विचारू नये’ असेही वाचले. या अर्जात लिहिले होते, ‘वेबसाईट’. मी मान वर केली तर समोर आमच्या वहिनी. हातात रुमालात बांधलेल्या दोन पाटल्या.

“अगंबाई, भाऊजी! तुम्ही आज रजेवर आहात ना?”

रजा मी आदल्या दिवशी घेतली होती. वहिनींच्या हिशेबात एका दिवसाची चूक झाली होती, आणि त्या चुकीमुळेच मला कळले की आमच्या घरात गेले वर्षभर काय चालले आहे.

थोडे मागे जायला हवे. आमचा दादा डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंग आणि डिस्पॅच पाहायचा. सत्तावीस वर्षे पाहिले. मग कारखानाच दिसेनासा झाला. दादा त्रेपन्न वर्षांचा. या वयात माणसाला नवी नोकरी कोणी देत नाही, आणि म्हातारपणाची सवलतही कोणी देत नाही. तो गॅलरीत बसायला लागला. सकाळी पेपर घेऊन बसायचा आणि दुपारी बघावे तर तेच पान उघडलेले. बोलणे ‘हं’ आणि ‘नको’ या दोन शब्दांवर आले. घर चालवायला वहिनींनी भाजणी करून विकायला सुरुवात केली. थालीपिठाची, चकलीची, आणि जोडीला मेतकूट. वहिनींच्या मेतकुटाबद्दल मी लिहायला बसलो तर भांडणाचा विषय राहून जाईल. एवढेच सांगतो की त्यांचे मेतकूट, मऊ भात आणि वर साजूक तूप हे समोर आले की मी महागाई भत्तासुद्धा विसरतो.

शेजारपाजारची मागणी वाढली, कोणाच्या जावयाने पुण्याला नेली, पुण्याहून ती बंगळूरला पोचली. फोनवर निरोप येऊ लागले. मग कुठल्याशा महिला मंडळात कोणीतरी व्याख्यान दिले की आजच्या जमान्यात ऑनलाइन नसलेला धंदा म्हणजे दार नसलेले दुकान. त्या व्याख्यात्यानेच एका पोराचे कार्ड दिले. पोराने वेबसाइटचे कोटेशन दिले, एक लाख चाळीस हजार रुपये. अधिक कर. म्हणून पाटल्या.

पाटल्या वहिनींच्या आईच्या. आमच्या बँकेचा सराफ कसोटीवर सोने घासतो तेव्हा एक बारीक आवाज येतो. रोज ऐकतो, त्या दिवशी तो माझ्या दाताला लागला.

मी म्हटले, “वहिनी, आज राहू द्या. मला एकदा त्या पोराला भेटू द्या.”

“भाऊजी, तुम्हाला त्यातलं काय कळतंय?”

“त्यातलं नाही कळत. पण एक लाख चाळीस हजारातलं कळतं.”

तर असा मी त्या पोत्यावर पोचलो. त्या कचेरीत खुर्च्या नव्हत्या. धान्याच्या पोत्यासारखी रंगीत पोती होती आणि माणसाने त्यात बसायचे, म्हणजे बुडायचे असते. मी बुडालो. वहिनी हुशार, त्या उभ्याच राहिल्या. पोरगा गोड होता. मला ‘काका’ म्हणाला, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्याने आपली योजना लावली आणि बोलायला लागला. त्याच्या बोलण्यात ‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द दर दोन वाक्यांनी येत होता, जसा आमच्या मॅनेजरच्या बोलण्यात ‘टार्गेट’ येतो. वेबसाइट नुसती असून चालत नाही, ती इंटरॅक्टिव्ह पाहिजे. म्हणजे तिने गिऱ्हाइकाशी बोलले पाहिजे.

आणि ती बोलत होती. बापरे, काय बोलत होती! उघडताक्षणी चार मोठमोठी चित्रे आपणहून सरकायला लागली; एक वाचेपर्यंत दुसरे. मग एक चक्र आले. ‘चक्र फिरवा, सूट मिळवा.’ चक्र बंद करावे तर खाली दोन बटणे: ‘हो, फिरवतो’ आणि ‘नको, मला बेचव जेवणच आवडतं’. तेवढ्यात कोपऱ्यातून एक नऊवारीतली बाई उगवली. तिचे नाव अन्नपूर्णा. ती म्हणाली, ‘नमस्कार! मी तुमची काय मदत करू?’ ही बाई म्हणजे यंत्र. मग डोक्यावर एक घड्याळ उलटे धावायला लागले, ‘ही किंमत फक्त ०९:५९ मिनिटे’. आणि सगळ्यात खाली एक लाल पट्टी आली: ‘सध्या ३७ लोक हे उत्पादन पाहत आहेत.’

मी विचारले, “ही सदतीस माणसं कोण?”

“म्हणजे काय काका?”

“म्हणजे ही साइट अजून झालीच नाही. मग बघताहेत कोण?”

पोरगा हसला. “तो आकडा आपोआप येतो. वीस ते पन्नासच्या मधला कुठलाही. त्याने अर्जन्सी तयार होते.”

इथून भांडण सुरू झाले.

मी बँकेत आहे. माझ्या समोर रांगेत सहा माणसे असतील तर मी ती सहाच्या जागी सदतीस आहेत असे सांगत नाही. उलट कोणी विचारले, “साहेब, गर्दी आहे का?” तर “पाच मिनिटं” म्हणून सांगतो. तेही खोटेच असते, पण निदान ते समोरच्याला धीर देणारे खोटे असते. हे घाबरवणारे खोटे. आणि ते सांगायचे कोणाच्या नावाने? तर आमच्या वहिनींच्या! ज्या बाईने आयुष्यात मेतकुटात मैदा घातला नाही, तिच्या दुकानाच्या पाटीवर सदतीस भुते बसवायची?

पोरगा म्हणाला, “काका, सगळे असंच करतात.”

सगळे करतात हे खरेच. इतके करतात की सरकारला त्याची यादी करावी लागली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे गिऱ्हाइकाला चकवण्याच्या तेरा युक्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई हा त्यातला पहिलाच प्रकार. नको म्हणणाऱ्याला लाज वाटायला लावणे हा दुसरा एक. गिऱ्हाइकाच्या पिशवीत न मागितलेली वस्तू हळूच सरकवणे हाही त्यात आहे. हे मला त्या पोत्यावर बसलेला असताना माहीत नव्हते. घरी येऊन वाचले. माहीत असते तर भांडण दहा मिनिटांत संपले असते आणि मी एवढा घामाघूम झालो नसतो. तेरांपैकी चार प्रकार पोराने एकट्या भाजणीच्या पानावर बसवले होते. चौथा असा, की पावशेर मेतकूट घ्यायला आधी खाते उघडायचे. नाव, मोबाइल, जन्मतारीख, आणि पासवर्डात एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. आम्ही बँकेत जन्मतारीख मागतो तेव्हा लोक आमच्या अंगावर येतात, आणि आमच्यामागे निदान रिझर्व्ह बँक उभी असते. मेतकुटामागे कोण उभे आहे?

पोराने मग माझ्या वर्मावर बोट ठेवले. म्हणाला, “काका, राग नका मानू, पण तुम्ही बँकवाले. तुमच्या लोकांनी कॉम्प्युटरलाच विरोध केला होता ना?”

केला होता. माझे वडील बँकेतच होते आणि संगणकाविरुद्धच्या घोषणा त्यांनी मनापासून दिल्या होत्या. १९८३ साली यंत्रीकरणाबद्दल संघटनांचा आणि बँकांचा करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि पुढे हळूहळू लेजरे गेली. वडील म्हणायचे, यंत्र आले की माणूस जाईल. ते चुकले, कारण मी त्याच बँकेत आहे. आणि बरोबरही होते, कारण मी तिथे असूनही पुष्कळदा नसतो. हे कबूल करायला जड जाते, पण भांडणात स्वतःची बाजू लपवली तर मग ते भांडण कसले? आमच्या शाखेत पासबुक छापायचे यंत्र बसले त्या आठवड्यात एक आजी माझ्याकडे पासबुक घेऊन आल्या. मी मान वर न करता म्हटले, “बाहेर मशीन आहे.” आजी बाहेर गेल्या. यंत्राने पासबुक गिळले, ओकले, पुन्हा गिळले. आजी पुन्हा आत आल्या. मी पुन्हा म्हटले, “बाहेर मशीन आहे.” तिसऱ्या वेळी आजी म्हणाल्या, “बाळा, पेन्शन जमा झाली का एवढंच विचारायचं होतं. ते मशीन बोलत नाही.” तेव्हा मी मान वर केली. तर ‘इंटरॅक्टिव्ह’ या शब्दाचा अर्थ मला त्या आजींनी शिकवला आहे, हे मी त्या पोराला सांगितले. तो गप्प झाला. पण वहिनी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की त्या आजी त्यांच्याच माहेरच्या असाव्यात.

माझा मुद्दा संगणकाविरुद्ध नाहीच. माझा मुद्दा असा आहे की ही मंडळी दुकान मांडताना आधी दिवे लावतात, मग गाणी लावतात, मग दारात हसणारी बाहुली उभी करतात. आणि गल्ल्यावर कोण बसणार हे शेवटपर्यंत ठरलेलेच नसते. हा रोग नवा नाही. १९९९ च्या नोव्हेंबरात लंडनहून ‘बू डॉट कॉम’ नावाचे कपड्यांचे ऑनलाइन दुकान उघडले. भयंकर इंटरॅक्टिव्ह! कपडे गोल फिरवून बघता यायचे आणि मदतीला ‘मिस बू’ नावाची चित्रातली बाई. म्हणजे आमच्या अन्नपूर्णेची आतेबहीण. तेव्हा लोकांच्या घरी टेलिफोनच्या तारेवर किरकिर करत चालणारे इंटरनेट. पान उघडेपर्यंत कपड्याची फॅशन बदलायची. मे २००० मध्ये दुकान बंद. गुंतवणूकदारांचे साडेतेरा कोटी डॉलरच्या आसपास बुडाले. पाटल्यांमध्ये हिशेब करून पाहा.

आणि आपल्याकडे आज फोन झपाट्याने चालतात म्हणता? आमचे गिऱ्हाईक भाजणीची ऑर्डर देणार ते दिव्याच्या आसपास, लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून. त्याला ती सरकणारी चार चित्रे दिसेपर्यंत त्याचे स्टेशन येते.

शेवटी मी पोत्यातून उठायचा प्रयत्न केला. जमले नाही. तेव्हा बसल्या जागेवरून खिशातली एक पे-इन स्लिप काढली (माझ्या खिशात नेहमी असतात, बायको त्यावर वाण्याची यादी करते), आणि तिच्या पाठीवर माझी योजना लिहायला लागलो. पहिलाच प्रश्न लिहिला: पैसे कापले गेले आणि ऑर्डर पोचली नाही, तर काय?

पोरगा म्हणाला, “तसं सहसा होत नाही.”

सहसा होत नाही! बाळा, माझ्या काउंटरवर ये. रोज एक तरी माणूस फोनची काच माझ्या नाकाला लावतो, “साहेब, पैसे गेले, पण तिकडे पोचले नाहीत.” त्या माणसाचा चेहरा हा तुझ्या सगळ्या योजनेत कुठे आहे? पैसे तीनशेच असतात, पण त्याची अवस्था लोकलमध्ये पोर हरवल्यासारखी असते. यासाठी रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक आहे. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे मध्येच अडकले आणि दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत गेले पाहिजेत. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. हे दोन ओळींत त्या पानावर लिहिले तर त्या माणसाला रात्री झोप लागेल. चक्र फिरवून लागणार नाही.

मग मी विचारले, पैसे मिळाले हे आपल्याला कोण सांगणार? पोरगा म्हणाला, पैसे भरले की गिऱ्हाइकाच्या फोनवर ‘धन्यवाद’चे पान येते, ते पान आले की ऑर्डर पक्की. मी कपाळाला हात लावला. अरे, चेक वटला असे खुद्द चेक देणाराच सांगायला लागला तर आम्ही पैसे देतो का? क्लिअरिंगहून यावे लागते! गिऱ्हाइकाने पैसे भरले आणि धन्यवादच्या आधीच बोगदा लागला, तर पैसे आपल्याकडे आणि ऑर्डर कुठेच नाही. उलट एखाद्या लबाडाने पैसे न भरताच धन्यवादचे पान उघडले, तर भाजणी फुकट. खबर आली पाहिजे ती पेमेंट गेटवेच्या यंत्राकडून थेट आपल्या यंत्राकडे, सही-शिक्क्यासकट, आणि तीच खरी धरायची. हे ऐकल्यावर पोरगा पहिल्यांदा सावरून बसला (म्हणजे त्याच्या पोत्यात जेवढे सावरता येते तेवढे). म्हणाला, “काका, त्याला वेबहुक म्हणतात. तुम्हाला कसं माहीत?” मला ते माहीत नव्हते. मला क्लिअरिंग माहीत होते.

त्यानंतर त्याने स्वतःच्या पैशाने चहा मागवला. म्हणून सांगतो, पोरगा वाईट नव्हता. त्याच्यावर त्या पोत्यांचे हप्ते होते. आणि त्याच्याकडे येणारे दहातले नऊ जण चक्र मागतातच, असे तो म्हणाला. त्याच्या आधीच्या एका गिऱ्हाइकाला तर साबणाच्या साइटवर पडणारा पाऊस हवा होता.

पण चहा प्यायला म्हणून मी सोडले नाही. पुढचा प्रश्न: वेबसाइटचे नाव कोणाच्या नावावर? पोरगा म्हणाला, “आमच्या अकाउंटवर घेतो काका, सगळ्यांची तिथंच असतात. सोयीचं पडतं.” कोणाला सोयीचे? घर वहिनींनी बांधायचे, रंग वहिनींनी द्यायचा आणि सातबारा याच्या नावावर! उद्या हा पोरगा कॅनडाला गेला, किंवा नुसता रुसला, तरी भाजणीचे दुकान कुलूपबंद. मी सांगितले, नाव वहिनींच्या नावे, ईमेल वहिनींचा, ओटीपी वहिनींच्या फोनवर, वर्षाचे नूतनीकरण वहिनींच्या खात्यातून, आणि सगळ्याची एक प्रत दर आठवड्याला वहिनींकडे. लॉकरची किल्ली सुताराकडे ठेवायची नसते. (पुढे मला कळले की २०१४ पासून शेवटी ‘.भारत’ असलेले पत्ते देवनागरीत मिळतात. वहिनींना कल्पना फार आवडली. पण अमेरिकेतली पुतणी म्हणाली की तिच्या फोनवर देवनागरी टाइप करायला तिला अर्धा तास लागतो, आणि तोपर्यंत तिची भूक मरते.)

बाकीचे प्रश्न मग वहिनींनीच विचारले. हा या कथेतला सर्वात चांगला भाग. एवढा वेळ त्या उभ्या होत्या, त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही लिहिलंय, चोवीस तासांत माल रवाना. कसा होईल? आमची गिरणी सोमवारी बंद. भाजणी धुवायची नाही म्हटलं तरी भाजायला चार तास लागतात, निववायला रात्र लागते. गरम दळली तर वास जातो आणि गरम भरली तर पिशवीला घाम येतो.” पोराच्या योजनेच्या चौदा पानांत गिरणी हा शब्दच नव्हता. चक्र होते, पण ते जात्याचे नव्हते. वहिनी पुढे म्हणाल्या, “आणि दिवसाला बारा किलोच्या वर माझ्याच्याने होत नाही. तेराव्या माणसाला काय सांगायचं?” पोरगा म्हणाला, “त्याला ‘आउट ऑफ स्टॉक’ दाखवू.” वहिनी म्हणाल्या, “असं तोंडावर दार कशाला लावायचं? त्याला म्हणावं, मंगळवारी दळतेय, तुमची ठेवू का?”

मी पे-इन स्लिप वहिनींच्या हातात दिली. मला जे दीड तास सांगता येत नव्हते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.

तरी साइट झाली ती लगेच नाही. दोन महिने गेले आणि आणखी चार भांडणे झाली. अन्नपूर्णेवरून तर फार मोठे झाले. पोराचे म्हणणे, माणसाने चोवीस तास उत्तर देणे शक्य नाही, यंत्र देते. माझे म्हणणे, यंत्र उत्तर देत नाही, यंत्र बोलते. मी अन्नपूर्णेला विचारून पाहिले होते, “चकली तेलात विरघळते, काय करू?” तिने मला चकलीच्या भाजणीचे अर्ध्या किलोचे पाकीट दाखवले. पुन्हा विचारले, तर एक किलोचे दाखवले. शेवटी अन्नपूर्णा गेली. तिच्या जागी एक फोन नंबर आला आणि खाली ‘सकाळी ११ ते १, दुपारी ४ ते ७’. चित्रे सरकायची थांबली, सदतीस माणसे उठून गेली, खाते न उघडता माल घेता येऊ लागला. पाकिटावरचा चौदा आकडी अन्नपरवाना क्रमांक, वजन आणि दळल्याची तारीख आधी नव्हती, ती आली. टपालखर्च शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आला. एकूण खर्च अडतीस हजार. दोन पाटल्यांपैकी एक घरी परतली. दुसरी आमच्या तिजोरीत आहे, तिचा हप्ता मी दर महिन्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. पोराला मात्र अजून वाटते की चक्र असते तर दिवाळीत विक्री दुप्पट झाली असती. झालीही असती. पण बारा किलोची मर्यादा असलेल्या बाईने दुप्पट विक्रीचे काय करायचे, या माझ्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही, आणि या प्रश्नाला उत्तर नसल्याचे त्याला दुःखही नाही. म्हणून म्हणतो, भांडण मिटलेले नाही.

एक गोष्ट राहिली. ई-कॉमर्सचे २०२० चे जे नियम आहेत त्यांत असे आहे की तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि संपर्क साइटवर दाखवायचा, तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकालात काढायची. पोराने विचारले, नाव कोणाचे टाकू? वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, “ह्यांचं टाका.” मला वाटले, झाले, गॅलरीतला माणूस कसला फोन उचलतो!

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका रात्री मी त्यांच्याकडे गेलो. दहा वाजले होते, म्हणजे सात केव्हाच वाजून गेले होते, आणि दादा फोनवर होता. समोर लांब बांधणीची वही, कानाला पेन्सिल. वहीला त्याने डिस्पॅच रजिस्टरसारखे रकाने आखले होते. फोनवर हात ठेवून तो आत ओरडला, “अगं, मोहन किती सांगू? इंदूरच्या बाई आहेत. चकली मऊ पडतेय.” वहिनींनी आतून माप सांगितले. ते त्याने फोनवर सांगितले, मग दोनदा सांगितले, मग तेल कडकडीत तापवून घालायचे आणि पीठ गार पाण्यात मळायचे नाही हेही आपल्या मनाने सांगितले. वीस मिनिटे बोलला. आम्ही भाऊ म्हणून गेल्या वर्षभरात मिळून एवढे बोललो नसू.

फोन ठेवून त्याने वहीत लिहिले, “तक्रार क्र. ११. इंदूर. चकली मऊ. पोच दिली.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाला,

“त्या पोराला सांग, साइटवर माझा हुद्दा चुकलाय. ‘अधिकारी’तला ‘धि’ ऱ्हस्व असतो.”